भजन थांबवलं तो गुरुवार

मंगळवारी सकाळी माझी धाकटी बहीण सुमन गेली. मी वर पोचले तेव्हा तिचा नवरा म्हणत होता, "जिन्यावरून पडली."

बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत ती माझ्या वरच्याच मजल्यावर राहायची. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे पाच-सहाजणींचं भजन असे. वरून आदळआपट ऐकू आली की मी जोशीकाकूंना खूण करायची आणि झांजा जोरात वाजायच्या. घरची अब्रू झाकली, असं मला वाटे. एकदा सुमन सुजलेल्या गालानं आरतीला आली. हसत म्हणाली, "ताई, आज फारच रंगलं होतं गं भजन. मला माझंच ओरडणं ऐकू येईना." मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला. दुसरं काहीच केलं नाही.

ती गेल्यावर वर्षभर मी पेटी उघडली नाही. ज्याच्या नावाखाली तिचा आवाज बुडवला, त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं बसायचं? शेवटी काकूंनी आग्रह केला म्हणून भजन पुन्हा सुरू झालं. तोवर वरच्या घरात नवीन जोडपं भाड्यानं आलं होतं. एका गुरुवारी वरून तेच आवाज आले. लिहायला लाज वाटते, पण माझा हात आपोआप पेटीचा भाता जोरात हलवू लागला.

तेवढ्यात आमची नवी फुलवाली यादम्मा हार घेऊन दारात आली. "अम्मा, ऊपर कोई रो री. सुनाई नै देरा क्या?"

मी म्हटलं, "उनके घर का मामला है."

"तो? मरे बाद जाते क्या?"

तिला सुमनबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. टोपली दारातच ठेवून ती जिना चढली. मी पेटी बंद केली आणि उठले. मागोमाग काकू आल्या, त्यांच्या हातात झांजा तशाच होत्या. यादम्मानं बेल दाबली आणि दार उघडताच पाणी मागितलं, "पानी होना था." त्या माणसामागे त्याची बायको ओठ पुसत उभी होती. मी तिला म्हटलं, "बेटी, चल माझ्याकडे." आम्हा सगळ्यांना पाहून तो बाजूला झाला. ती रात्र ती माझ्या घरी राहिली. सकाळी काकू आणि मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. नंतर तिचे वडील येऊन तिला माहेरी घेऊन गेले.

पुढे मी यादम्माला विचारलं, तुला वर जायची बुद्धी कुणी दिली? ती म्हणाली, "प्यास लगी थी, अम्मा." मी वाद घातला नाही. माझ्यासाठी तिला कुणी पाठवलं, हे मी मनाशी जाणते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. देवानं मला उठवलं, याचे उपकार मानते. फक्त त्यानं सुमन असताना उठवलं नाही, की तेव्हाही हाक आली होती आणि मीच ऐकली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता कुठूनही तसा आवाज आला की आमचं भजन थांबतं आणि दोघीजणी जाऊन बेल वाजवतात. सुमनच्या मृत्यूबद्दल तिच्या नवऱ्यावर खटला चालू आहे. सुमन नाही.