वैयक्तिक कारणास्तव

कॉलिन गेला. आणि आज सकाळी क्लबने त्याच्या फोटोखाली पुन्हा तेच खोटं छापलं.

२०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. टोकियोच्या पूर्वेला, खालच्या डिव्हिजनच्या एका छोट्या फुटबॉल क्लबमध्ये इंटरप्रीटरचा बाइतो करत होते, म्हणजे पार्ट-टाइम.
कॉलिन तिथला एकुलता एक परदेशी खेळाडू. इंग्लंडचा. सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरचा डिफेंडर. वय तेहतीस.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांचं बँकेचं पोस्टिंग टोकियोत होतं, आम्ही निशी-कसाईच्या भारतीय वस्तीत राहायचो आणि आई मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवायची. रोजचा दिवस वहीत लिहायचा. तिचं लाल पेन एकाच गोष्टीवर थांबायचं: "हे तू पाहिलंस की ऐकलंस?"

म्हणून आधीच सांगते. पुढचं सगळं ऐकलेलं आहे. कॉलिनकडून, टीमच्या बसमध्ये.

सोळाव्या वर्षी तो त्याच्या गावच्या क्लबमध्ये लागला. सीनियर्सचे बूट पुसायचा. एकोणिसाव्या वर्षी टीममध्ये आला. सव्विसाव्या वर्षी कॅप्टन. मग गुडघा गेला. मग नवा कोच आला आणि कॅप्टन बेंचवर बसला. मग आणखी दोन क्लब, दोन्ही आधीच्यापेक्षा खालचे. एजंटने विचारलं, जपानला जाशील?
तो म्हणाला, "गवत आहे ना तिथे?"

इथून पुढचं पाहिलेलं.

दोन सीझन तो आमच्याकडे खेळला. हेडर मारला की आवाज स्टँडपर्यंत यायचा. नाक दोनदा मोडलं. पेपरात नाव एकदाही नाही.
"न झालेल्या गोलचा कोण व्हिडिओ काढतं?" म्हणायचा.

मला चिडवायचा. "मी शिवी दिली की तू गप्प होतेस. तीही सांग की रेफरीला."
"सांगते. शेवटी."
"तोपर्यंत मॅच संपते गं."

भूकंप शुक्रवारी दुपारी झाला. आमच्या भागात जमिनीतून चिखल वर आला, नळ बंद पडले.

कॉलिनच्या बिल्डिंगमध्ये बरेच म्हातारे लोक होते. लिफ्ट बंद. टँकरवरून कॅन भरून तो पाचव्या मजल्यापर्यंत पाणी चढवायचा, गुडघ्याला पट्टा बांधून. मी त्याच्या मागे जिन्यात. दारोदार सांगत, घाबरू नका, पाणी आणलंय.

एक आजी रोज वाकून विचारायच्या, "कॉलिन-सान, तुम्ही अजून इथेच?"
"मी डिफेंडर आहे. मागेच थांबायचं काम आहे माझं."
मी ते जपानीत सांगितलं. आजी हसल्या. भूकंपानंतर मी पहिल्यांदा कोणाला हसताना पाहिलं.

फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या भीतीने परदेशी लोक देश सोडत होते; निशी-कसाईतली आमच्या ओळखीची निम्मी घरं तेव्हा रिकामी झाली होती. आम्हीही तिकिटं बघत होतो. मी कोणालाच नावं ठेवत नाहीये.

दहा दिवसांनी (की अकरा, नक्की आठवत नाही) मॅनेजरने त्याला बोलावलं.
"लीग बंद आहे. तुमची आई काळजीत असेल. दोन आठवडे घरी जाऊन या. लीग सुरू झाली की नवीन करार करू. तोवर इथे सही करा."

कॉलिनने मला विचारलं, "काय लिहिलंय?"
"वैयक्तिक कारणास्तव करार संपवत आहे."
"पण मला कुठे संपवायचाय?"

हे वाक्य मी मॅनेजरला जपानीत सांगायला हवं होतं. इंटरप्रीटरचं काम तेवढंच.

मी सांगितलं नाही. माझ्याच मनाने म्हणाले, "इथे नोकरी सोडताना सगळे हेच लिहितात. फॉर्मॅलिटी असते."

आणि ते खरं होतं. बाबांच्या ऑफिसातही, ज्यांना काढून टाकायचं त्यांच्याकडून हेच लिहून घ्यायचे. ते मला तेव्हा आठवलंही. तरी खटकलं नाही.

"तू म्हणतेस तर," म्हणाला, आणि सही केली.

चार दिवसांनी वेबसाइटवर आलं: कॉलिन वैयक्तिक कारणास्तव मायदेशी परतले.
त्या दिवसांत या वाक्यातून जपानमध्ये प्रत्येकाला एकच गोष्ट कळत होती.

इंडियन दुकानातले काका म्हणाले, "तुमचा गोरा पळाला म्हणे?"
मी म्हटलं, "गेला."
आणि तूरडाळ घेऊन घरी आले.

दोन आठवड्यांनी तो परत आला. सांगितल्याप्रमाणे. बूट घेऊन.

मॅनेजरने दारातच गाठलं. टीम ठरली आहे, आणि सपोर्टर्स आता तुम्हाला स्वीकारणार नाहीत.
याचं भाषांतरही मीच केलं. शब्दन् शब्द.

कॉलिन मॅनेजरकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला, "लोकांना सांग ना, मी पळालो नव्हतो. तुला माहितेय."

मी मॅनेजरला सांगितलं. लोकांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मला नोकरी शोधायची होती आणि शिफारसपत्र मॅनेजर देणार होते.
दिलंही. खूप छान लिहिलं होतं.

पळालेला डिफेंडर इथे कुठल्याच क्लबला नको होता. इंग्लंडमध्ये एक सीझन हौशी टीमकडून खेळला, मग एका शाळेचं मैदान राखायचं काम धरलं. दर नवीन वर्षाला मेसेज यायचा. त्या कागदाबद्दल एक अक्षर नाही.
एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास रे. सगळ्या ऐकल्या असत्या.

मंगळवारी त्याच्या बहिणीने कळवलं. हार्ट अटॅक. मैदानावर पांढऱ्या रेषा मारत होता.

आज क्लबने फोटो टाकला. "भूकंपानंतर वैयक्तिक कारणास्तव मायदेशी परतलेले आमचे लाडके कॉलिन."
खाली एका सपोर्टरची कॉमेंट: "कठीण काळात सोडून गेलात, तरी आम्ही माफ केलं आहे."

माफ केलं आहे!

आणि मला मेल. त्यांच्या बहिणीसाठी याचं इंग्रजी करून द्याल का?
मी लिहिलं, हे वाक्य खोटं आहे, काढा.
उत्तर आलं, अतिशय नम्र. आमच्याकडच्या कागदावर असंच आहे, आणि सही त्यांचीच आहे.

आहे. मी शेजारी बसले होते.

ही पोस्ट मराठीत लिहायला घेतली तेव्हा मनात कुठेतरी होतं, की क्लबमधलं कोणी हे वाचणार नाही. ते लक्षात आलं आणि स्वतःची किळस आली.
म्हणून हेच सगळं जपानीत, माझ्या पूर्ण नावाने, त्या कॉमेंटखाली टाकलं आहे. इंग्रजी त्याच्या बहिणीला पाठवलं. मेसेज वाचल्याचं दिसतंय. उत्तर नाही.

भावपूर्ण वगैरे लिहायला माझा हात धजत नाही.

नीट जा, कॉलिन.