कोयत्याची सुट्टी

झेंडू आणि यंत्राच्या तेलाचा वास एकत्र आला, की मी पुन्हा चोपडा गावाजवळच्या, सासऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारघरात अडकतो. खंडेनवमीची अवजारांची पूजा आटोपली आणि वाऱ्यानं पत्र्याचं दार आपटून बाहेरून कडी बसली. आत आम्ही दोघं, भट्टीसारखा उकाडा, पाण्याचा थेंब नाही आणि फोन बाहेर मोटारसायकलच्या डिकीत! नवा जावई म्हणून ऐटीत खिशातला घडीचा चाकू मी फटीत घातला. पातं चाकूच्याच बिजागरीत तुटलं. समोर हळदकुंकू ल्यालेला कोयता होता: ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद, जाड पाठ, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं पातं. मी हात घालताच सासरे गरजले, "जावईबापू, आज त्याले सुट्टी शे!" पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. "आबा, इथंच मेलो तर?" "सकाय, सुट्टी सरनी की, कोयताच दार उघाडी दी!" तासाभरानं त्यांनाच भोवळ आली. कोयत्याला हात जोडून त्यांनी तो फटीत खुपसला आणि सगळा भार टाकला. कडी तुटली, कोयत्याची धारसुद्धा दुमडली नाही. घरी सासूबाईंना म्हणाले, "जावईबापूनी कोयता उचला." आजही दर खंडेनवमीला सासूबाई मला कोयत्यापुढे नाक घासायला लावतात, मी घासतो, आणि शेजारी सासरे भक्तिभावानं डोळे मिटून उभे असतात.