उन्हाचं अ‍ॅप गच्चीवर गेलं

"सूनबाई, आपल्या घरी ऊन वाया जात नाही," असं सासूबाई मला लग्नाच्या वर्षी म्हणाल्या होत्या.

परदेशातल्या एका बेटावरून काम करणाऱ्या आमच्या ऑफिसच्या साहेबांनी सुचवलेलं उन्हाचं अ‍ॅप मी इथं वऱ्हाडात, मेडशी गावी, फोनवर घेतलं. आज सकाळी ते म्हणालं, "ऊन घातक आहे, घरातच थांबा."

कुरडयांचा चीक तयारच होता. ते ऐकून सासूबाईंनी शेजारणींना हाक मारली, "चला वं, ऊन कडक हाय!" आणि ऊन किती तापलं ते बघायला माझा फोन घेऊन त्या गच्चीवर गेल्या.

तेवढ्यात माझ्या बढतीबद्दल बोलायला साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनीच उचलला. "काहून रे बापू, एवढा वाळला? तिथं जेवाले भेटत नाही काय?"

मी पोचले तेव्हा साहेब कुरडयांची कृती लिहून घेत होते. बढतीचं उद्या अकरा वाजता बोलणार आहेत.

मैत्रिणींनो, माझा फोन अजून सासूबाईंकडेच आहे, म्हणून ही पोस्ट नवऱ्याच्या फोनवरून लिहिते आहे. सासूबाई, उद्या अकरा वाजता अर्धा तास माझा फोन मला द्याल का?