ओलं पॉलिश

लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळे चकाकी म्हणत. खुद्द चकाकी मात्र कधी चकाकले नाहीत. नखांत तपकिरी रंग, अंगाला स्पिरिटचा वास आणि बोटं लाखेनं अशी चिकट, की चहाचा कप हातातून सोडवून घ्यावा लागे. दुकानात कोणी नव्या कपाटाजवळ नुसतं फिरकलं तरी ते ओरडत, "हात मागे! ओलं आहे! एकदा बोट उमटलं की जन्मभर दिसतं!" गिऱ्हाइकं बिचारी शिक्षा केल्यासारखी हात पाठीमागे बांधून कपाटं बघत.

इथवर ठीक होतं. पण मुलगी झाली आणि चकाकींनी दुकानातला कायदा घरी आणला. बायकोनं बाळ पुढं केलं की हे दोन पावलं मागे.

"अहो, घ्या की! तुमचीच आहे."

"अगं, ओली आहे अजून. जरा सुकू दे."

"लेक आहे ती, टेबल नाही!"

सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. बोलणं थट्टेचं होतं, पण पोटातली भीती खरी. एवढं कोवळं अंग, आणि आपले हात असे कानसीसारखे. काही उमटलं तर? म्हणून ते पाळण्यापाशी उभे राहत, लेकीला डोळे भरून बघत आणि कामाला निघून जात. ती इवलेसे हात त्यांच्याकडे पसरून बघत राही, मग कंटाळून आईकडे वळे.

लेक रांगली, चालली, शाळेत जाऊ लागली. आता हरकत नाही असं ठरवून एक दिवस चकाकींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती केस सावरत बाजूला सरकली. राग नव्हता, रुसवा नव्हता. सवयच नव्हती तिला. पुढंही ती वडिलांशी अदबीनं बोले, विचारपूस करी, पण हातभर अंतर राखून.

मग तीच लेक आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली. एका दुपारी आजी बाजारात गेलेली, लेक न्हाणीघरात, आणि इकडे नातीनं जो भोंगा लावला!

"बाबा, बघा हो तिला जरा! माझ्या डोक्याला साबण आहे!"

चकाकींनी पालथ्या पडलेल्या नातीला आधी पाठीवर थोपटलं. लाकूड पोकळ आहे का बघतात तसं, ठकठक. नातीनं सूर चढवला. मग त्यांनी हात नुसताच ठेवून दिला, तर ती वळवळायला लागली. डोकं चालेना, तेव्हा हातांना जे येत होतं ते हातांनीच केलं. पॉलिशचा शेवटचा हात देताना फडकं फिरवतात तसा त्यांचा तळवा नातीच्या मानेपासून कमरेपर्यंत फिरू लागला, सावकाश, न दाबता, न थांबता. रडं अडखळलं. दोन हुंदके आले, मुठी उघडल्या, श्वास संथ झाला. त्या खरखरीत हाताला ती जराही दचकली नाही. उलट तोंड वळवून टुकुटुकु त्यांच्याकडे बघत राहिली.

लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी होती.

"दवाखान्यातल्या नर्सबाई हेच सांगत होत्या, बाबा. बाळाला असा सावकाश फिरणारा हात आवडतो म्हणे. घाईनं चोळलेलं नाही आवडत."

"एवढ्याशा जिवाला कळतं?"

"अगदी पहिल्यापासून कळतं म्हणाल्या."

चकाकी नातीच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुलाही कळलं असेल. कोणाचा हात येत नव्हता ते."

"काहीतरीच काय, बाबा. मला काय आठवतंय त्यातलं?" असं म्हणत ती बाजूला बसली आणि घडी घातलेली दुपटी उगीच मोडून परत घड्या घालू लागली.

त्यांनी दुसरा हात उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला. ती सरकली नाही. बसून राहिली, पण सगळी पाठ ताठ करून, इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखी. तळव्याला ते लगेच कळलं. हात त्यांनी आपणहून काढून घेतला.

"मांडीवर घ्या तिला," थोड्या वेळानं लेक म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "लागू दे सवय."

त्यांनी नातीला उचललं. लेक उठून आत जाईपर्यंत त्यांनी मान काही वर केली नाही.