कानिफनाथची घडीची घोडी

कानिफनाथ सुताराने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी लपवल्या. एक, बायकोच्या नकळत खाल्लेला गूळ, आणि दुसरी, आपला उजवा गुडघा. गूळ लंकाबाईने त्याच दिवशी पकडला. गुडघा मात्र सरकारच्या डोळ्यांदेखत काही महिने लपून राहिला, यात कानिफनाथचं कौतुक किती आणि सरकारच्या नजरेचं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुताराचा गुडघा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडचा सुतार काम करतो ते जमिनीवर. उकिडवं बसायचं, एका पायाच्या बोटांत लाकूड धरायचं, दुसऱ्या टाचेने दाबायचं आणि लाकूड तासायचा वाकस चालवायचा. त्याचे दोन्ही पाय म्हणजे आणखी दोन हातच. कानिफनाथच्या बापाने असंच काम केलं, आज्याने असंच केलं, आणि उभ्याने काम करणारा सुतार म्हणजे बसून नांगर हाकणारा शेतकरी, असं गावात सगळे समजत. असल्या गावात कानिफनाथला गुडघा मोडून घ्यायची बुद्धी झाली.

सत्तर सालच्या चैत्रात एका बागाईतदाराच्या विहिरीवर मोटेचं चाक बसवताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा दगडावर आपटला. वैदूने तेल चोळलं, हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या, आणि दोघांनी मिळून तो गुडघा इतका पक्का केला की तो पुन्हा वाकलाच नाही. बागाईतदार मोठ्या मनाचा. त्याने त्याच साली डिझेल इंजिन आणलं, मोट कायमची सोडली, आणि मोटेचं जुनं चामडं कानिफनाथला देऊन टाकलं. एवढं औदार्य पाहून कानिफनाथ गहिवरला असता, पण त्याला खाली बसता येत नव्हतं आणि उभ्याने गहिवरायची त्याला सवय नव्हती.

गावात त्याने कसंबसं निभावलं. मग बहात्तर साल आलं. पाऊस आला नाही, शेतं तशीच पडली, नांगर-कुळव आढ्याला टांगले गेले. नांगर मोडला नाही तर सुतार कशाला, आणि खळं झालं नाही तर बलुतं कुठलं? अख्खं गाव खडी फोडायला गेलं. खडी फोडायलाही बसावंच लागतं. कानिफनाथला एकच जागा दिसली. राहुरीच्या अलीकडे सरकारने एक अवजार सुधार केंद्र काढलं होतं. शेतकऱ्यांची अवजारं सुधारणं हा त्याचा हेतू, पण दुष्काळात त्याला दुष्काळी कामावरच्या टिकावांचे आणि कुदळींचे दांडे करण्याएवढंच काम उरलं होतं. त्यासाठी रोजंदारीवर सुतार हवे होते. अट एकच : उमेदवार धडधाकट असावा.

कानिफनाथ ताठ पायाने, एकेक पाऊल मोजत साहेबापुढे गेला. केंद्राचे प्रमुख खांबेटे साहेब पुण्याचे. त्यांना ती चाल रुबाबाची वाटली. "असा ताठ माणूस हवा," असं म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

पहिले काही दिवस कानिफनाथने दांडे घासायचं काम मागून घेतलं, ते भिंतीला टेकून होत होतं. पण कापायचं कसं? बाकीचे सुतार फरशीवर बसून फळ्या कापत आणि हा उभा. कुणी विचारलं की, "मला मूळव्याध हाय," असं सांगायचा. मूळव्याधीला सगळे मान देतात, पण किती दिवस देणार?

लाकूड आडवं टाकून करवत चालवायला जो चौपायी आधार लागतो, त्याला सुतार घोडी म्हणतात. कानिफनाथला घोडीच हवी होती, पण केंद्रात एकही नव्हती, कारण बसणाऱ्यांना ती लागत नाही. आपली आपण करून आणावी, तर गेटवर पहारेकरी मच्छिंद्र. त्याचा नियम साधा : बाहेरची वस्तू संध्याकाळी पाचनंतर आत राहता कामा नये, आणि आतली वस्तू पासाशिवाय बाहेर जाता कामा नये. म्हणजे घोडी रोज सकाळी आणायची आणि रोज संध्याकाळी न्यायची, तीही पाऊण कोस, ताठ पायाने, खांद्यावर. तेव्हा ती हलकी हवी आणि तिची घडी व्हायला हवी. मोठमोठे शोध गरजेतून लागतात म्हणे. हा गेटाच्या नियमातून लागला.

कानिफनाथने वांबोरीच्या बाजारात कासाराचं बांगड्या मांडायचं टेबल पाहून ठेवलं होतं. खाली कैचीसारखे दोन पाय, वर ताट, बाजार उठला की पाय मिटून काखेत. त्याने कडुनिंबाच्या दोन चौकटी केल्या, वरच्या अंगाला एकमेकींत अडकवल्या आणि पाय फाकू नयेत म्हणून खाली सुंभ बांधला. पहिल्यांदा फळी ठेवून करवत लावली तेव्हा सुंभ सैलावला आणि फळी, करवत, घोडी आणि सुतार एकदमच जमिनीवर आले.

"आवं, बसता येत न्हाई म्हणत हुता न्हवं?" लंकाबाई चुलीपासून म्हणाली. "हे बसलात की आता."

"हसायला काय झालं? उठीव आधी."

तिने उठवलं, आणि मग दोन दिवस तीच म्हणत राहिली की सुंभ नको, ते मोटेचं चामडं लावा. मोटेने गुडघा घेतला, तिच्याकडून काहीतरी परत घ्या. कानिफनाथने चामड्याचे दोन पट्टे कापून खाली ठोकले. पट्टे ताणले की घोडी रोवून उभी राही, ढिले केले की मिटून काखेत येई. आणि उंची? ती त्याने फार विचार करून ठरवली होती. ताठ उजव्या पायावर उभं राहायचं, डावा गुडघा उचलून फळीवर दाबायचा, की फळी जागची हलत नाही. बसल्यावर टाच जे करते तेच उभ्याने गुडघा करणार. त्यासाठी घोडी एक हात, एक वीत हवी. बोटभर जास्त नको, बोटभर कमी नको.

केंद्रात आठवड्यात त्याचे दांडे सगळ्यांपेक्षा जास्त निघू लागले. हे खांबेटे साहेबांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्याचं चांगलं काम त्यांना लांबून दिसे. ते वही घेऊन आले. घोडी उघडून पाहिली, मिटून पाहिली.

"कानिफनाथ, ही उंची किती रे?"

"एक हात, एक वीत, साहेब."

साहेबांनी वहीत लिहिलं : हात म्हणजे अठरा इंच, वीत म्हणजे नऊ, एकूण सत्तावीस.

"साहेब, ह्यो हात मुठीचा हाय. आन् माझा हाय," कानिफनाथ म्हणाला. त्याच्या घराण्यात हात मोजायचा तो मूठ वळून. बोटं उघडून फक्त मागणारा मोजतो, असं त्याचा बाप म्हणे. त्यात कानिफनाथ बुटका.

"मापाला मालक नसतो," खांबेटे म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते त्यांनी वहीतही लिहिलं. घोडीच्या जवळ टेप नेण्याएवढा वेळ मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

महिन्याभरात 'खांबेटे नमुना, सुवाह्य घडीची घोडी' तयार झाली. एकदम वीस नग. चामडं गबाळं दिसतं म्हणून त्याजागी लोखंडी साखळी आली, आणि कडुनिंबाला सरकारी दर्जा नाही म्हणून सागवान आलं. ही सुवाह्य, म्हणजे सहज नेता येणारी, घोडी उचलायला दोन शिपाई लागत. तिचा कारखान्यात उपयोग व्हायला अजून अवकाश होता, म्हणून तिच्यावर तूर्त पाण्याचे माठ ठेवले.

मग पुण्याहून मोठे साहेब पाहणीला यायचं ठरलं. मांडव घातला, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बोलावले. दुष्काळ होता, शेतकऱ्यांना दुसरं कामही नव्हतं. खांबेटे साहेबांनी कानिफनाथला बजावलं, "प्रात्यक्षिक तू करायचं. आणि तुझं ते चामड्याचं खेळणं मांडवात आणायचं नाही."

"साहेब, ह्या उंच घोडीवर माझं जमायचं न्हाई."

"न जमायला काय झालं? धडधाकट आहेस ना?"

धडधाकट या शब्दावर कानिफनाथची चूल पेटत होती. तो हो म्हणाला.

मोठे साहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली. कानिफनाथ सरकारी घोडीपुढे उभा राहिला. फळी ठेवली, डावा गुडघा उचलला. गुडघा फळीपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला, पोचेना. तसाच हातांनी दाबून करवत लावली, तर फळी नाचायला लागली. शेतकऱ्यांत कुणीतरी फिसकन हसलं. खांबेटे साहेबांचा चेहरा करडईच्या तेलात बुडवल्यासारखा झाला.

आता हसून होणार, मग चौकशी होणार, मग गुडघा निघणार. कानिफनाथला हे सगळं ओळीने दिसलं आणि भीतीपेक्षा त्याला रागच आला. त्याने घोडी आडवी पाडली. कोपर पायाच्या टोकाला लावलं, मूठ वळली, तिच्यापुढे वीत टाकली, आणि पायांच्या कलाचा अंदाज धरून खूण केली. कुणाला काही कळायच्या आत सरकारी सागवानाचे चारी पाय कापून मोकळा झाला. घोडी उभी केली, डावा गुडघा फळीवर दाबला, आणि करवत अशी चालली की भुसा एका रेघेत पडला. मांडव टाळ्यांनी भरून गेला.

मोठे साहेब उठून आले. त्यांनी खिशातून टेप काढून उंची मोजली. "बावीस. अगदी योग्य. खांबेटे, तुमच्या चित्रात सत्तावीस आहे."

"हो सर," खांबेटे म्हणाले. "पाच इंच राखून ठेवले होते. ज्याला जेवढे हवे तेवढे त्याने कापून घ्यावे, ही या नमुन्याची खुबीच आहे."

"वा!" मोठे साहेब म्हणाले. फोटोग्राफर पुढे सरसावला. "आता असं करू. आधी जुनी पद्धत, मग नवी. लोकांना फरक दिसू दे. काय हो, तुम्ही जरा खाली बसून फळी कापून दाखवा."

कानिफनाथ जागचा हलला नाही.

"बस ना," खांबेटे दबक्या आवाजात म्हणाले. "मोठे साहेब सांगतायत."

कानिफनाथने मांडवाकडे पाहिलं. पुढच्याच रांगेत त्याच्या गावचे लोक होते. मूळव्याधीचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. पण आपण केलेल्या वस्तूला दुसऱ्याचं नाव लागलेलं पाहत वर आणखी एक खोटं बोलायचं, हे त्याच्याने होईना.

"बसता आलं असतं," तो म्हणाला, "तर ही घोडी कशापायी केली असती, साहेब?"

मांडवात कुणीच हसलं नाही. मोठे साहेब हुशार होते. त्यांनी कानिफनाथच्या पायाकडे पाहिलं, मग खांबेट्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती.

चौकशी मात्र झाली. डॉक्टरने लिहिलं की इसम खाली बसून काम करण्यास असमर्थ. मोठ्या साहेबांचं पत्रक त्याच आठवड्यात आलं की यापुढे केंद्रात कुणीही खाली बसून काम करू नये. दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच पेपरवेटखाली होते. खांबेटे साहेबांनी दोन्ही वाचले, दोन्हींची अंमलबजावणी केली, आणि कानिफनाथला कमी केलं. कारणं दोन लिहिली : शारीरिक असमर्थता, आणि शासकीय घोडीचे पाय विनापरवाना कापणे. मग उरलेल्या एकोणीस घोड्यांचे पाय परवाना काढून कापण्यात आले.

शेवटच्या दिवशी कानिफनाथ आपली घोडी खांद्याला लावून गेटवर आला. मच्छिंद्र खाली बघत उभा होता.

"नाना, ही न्हाई नेता येनार."

"का रं? रोज नेतोय की."

"आता ह्यो खांबेटे नमुना हाय. नमुना सरकारी, घोडीबी सरकारी. पास लागंल. मला काय कळत न्हाई व्हय नाना? पन माझी नोकरी जाईल."

चामड्याचे पट्टे, लंकाबाईने उठवलं तो दिवस, सगळं कानिफनाथच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

मग त्याने घोडी गेटाला टेकून ठेवली.

"ठिव," तो म्हणाला, आणि उजवा हात मूठ वळून मच्छिंद्रपुढे धरला. "ह्या मापाला लागतो का पास?"

मच्छिंद्रने नकारार्थी मान हलवली आणि गेट उघडलं.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळतीला आला होता. लंकाबाईने रिकामा खांदा पाहिला. ती आढ्याजवळ गेली आणि मोटेच्या चामड्याचा उरलेला तुकडा खाली काढला.

"नव्या घोडीला पुरंल का?" तिने विचारलं.

कानिफनाथने त्यावर कोपर ठेवलं, मूठ वळली आणि मोजलं.