रविवारी उडणाऱ्या तारखा

तुळजापूर तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयात तारखा उडत होत्या. कॉम्प्युटरवर बुकिंग 'झालं' म्हणून दिसायचं आणि नंतर बघावं तर नोंदीचा पत्ताच नाही! तिथली दुरुस्ती माझ्याकडं. पण मालकानं मला बोलावलं तवर एक तारीख हातची गेली होती.

ती लोहाऱ्याच्या एका काकांच्या लेकीच्या लग्नाची. काकांना कॅन्सर, डॉक्टरांनी आशा सोडलेली. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या, एवढंच त्यांचं मागणं. तारीख धरली, पत्रिका छापल्या. कार्यालयात पत्रिका द्यायला आले तेव्हा कळलं, त्या दिवशी तिथं दुसऱ्याचंच लग्न आहे. बाकीची कार्यालयं भरलेली. दारात मांडव घालतो म्हणाले, तर नवरदेवाकडचे अडून बसले. त्याच कार्यालयात नवी तारीख मिळाली, ती थेट तुळशीच्या लग्नानंतरची.

माझं डोकं फिरलं. वायरी बदलल्या, इन्व्हर्टर तपासला, मशीनला शिव्या घातल्या. सर्व्हर एवढंच सांगायचा, व्यवहार मागं घेतला, म्हणजे नोंद रद्द. अरे बाबा, पण का? बरं, उडालेल्या नोंदी सगळ्या रविवारच्याच. मग एका रविवारी मीच तिथं ठाण मांडलं.

कार्यालयात दोन कॉम्प्युटर. पुढच्यावर म्हातारे कारकून, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मागच्यावर फोनवरची बुकिंग घेणारी मुलगी. सकाळी एक कुटुंब आलं. तारीख ठरली, अण्णा 'सेव्ह' दाबणार, तोच त्यांच्यातली आजी म्हणाली, "थांबा, आधी कौल लावून येतो." निघाले की सगळे अणदूरला, खंडोबाकडं. अण्णांनी अर्धी नोंद तशीच उघडी ठेवली आणि कुणी हात लावू नये म्हणून कीबोर्डवर रुमाल टाकला.

"अण्णा, बंद करा की ते!"

"न्हाय बाबा. देवाला इचारायला गेलेत. मधीच बंद केलेलं बरं दिसतंय व्हय?"

तिथंच माझी ट्यूब पेटली. रविवार खंडोबाचा वार. पावतीचा नंबर दोन्ही कॉम्प्युटरना एकाच जागेवरून मिळायचा आणि अण्णांच्या अर्ध्या नोंदीनं ती जागा अडवलेली. मागची नोंद नंबरासाठी ताटकळायची, शेवटी सर्व्हर ती गुपचूप मागं घ्यायचा. मुलीच्या पडद्यावर मात्र 'झालं' आधीच उमटलेलं. काकांचीही तारीख अशीच गेली होती, फोनवरून धरलेली, रविवारी.

नंबर 'सेव्ह' दाबल्यावरच मिळेल, असं करून टाकलं. आता अण्णांनी कौलासाठी खुशाल दिवसभर थांबावं.

काकांना सांगायला लोहाऱ्याला गेलो. ते बाजेवर पडून ऐकत होते. लई बारीक झाले होते.

"कौलासाठीच थांबले ना ते लोक? मग कुणाला बोल लावायचा? आमीबी कौल लावूनच ही सोयरीक केली." जरा दम घेऊन म्हणाले, "नवी तारीख तरी उडणार न्हाय ना?"

"न्हाय काका. शब्द देतो."

दिवाळीच्या तोंडावर काका गेले. मागं गोतानं ठरवलं, वर्षाच्या आत लग्न उरकायचं, तारीख तीच ठेवायची. मी लग्नाला गेलो. कन्यादान चुलत्यानं केलं. मला राहून राहून वाटत होतं, त्या मालकाला मला बोलवायची बुद्धी चार महिने आधी झाली असती तर! काय चाटायचीय ती दुरुस्ती?

तारीख जागची हलली नव्हती. मी दिलेला शब्द खरा झाला, आणि ज्यांना दिला होता, ते काका तेवढे मांडवात नव्हते.