खलात बारीक केलेल्या गोळ्या

चाकणच्या एका औषध कंपनीत मी गोळ्या तयार करण्याच्या विभागात होते. कोरियातल्या जुन्या वैद्यकात पोटदुखीवर एक काढा देतात. त्याचा अर्क आमच्याकडे यायचा आणि त्याची गोळी अशी करायची होती, की ती पोटात फुगून राहील आणि बारा तास थोडं थोडं औषध सोडत राहील. वर्षभर आमच्या गोळ्या तासाभरात विरघळून आमचं नाक कापत होत्या. शेवटी एकदाचा एक लॉट टिकला.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जुनं पित्त. जन्मभर शिफ्टा केल्या, अवेळी खाल्लं. त्या लॉटमधल्या उरलेल्या दहा गोळ्या मी गुपचूप काळेवाडीला त्यांच्या घरी नेऊन दिल्या. माणसांवर चाचणी अजून व्हायची होती, गोळी बाहेर न्यायला सक्त बंदी होती, सगळं मला पाठ होतं. पण झाडपाल्याचंच तर आहे, त्यानं काय होणार, अशी मनाची समजूत घातली. शिकलेली माणसं शेण खातात ती अशी.

"जेवणानंतर एक, पाण्याबरोबर," एवढंच त्यांना सांगितलं. फोडू नका, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला तर स्वारी खुशीत. "अगं, एका गोळीनं काय व्हतंय? आत्ताच तीन घेतल्या. खलात बारीक केल्या आन् मधात चाटल्या. झाडपाल्याचं औषध खलल्याबिगर लागू पडत न्हाई."

दीड दिवसाचं औषध एका बोटावर चाटून झालं होतं. पिंपळे सौदागरच्या माझ्या घरून काळेवाडी ती किती लांब, पण त्या दिवशी रिक्षा सरकेना. पोचले तेव्हा अप्पा मोरीपाशी पोट धरून बसले होते, बनियन घामानं चिंब. दवाखान्यात नेताना मी रिक्षात रडत सगळं बडबडले: बंदी होती, चोरून आणल्या, आता नोकरी जाणार. बोलायची काही गरज होती का? पण भीतीनं तोंड थांबत नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी बघत विचारलं, "काय घेतलं होतं?"

"मेडिकलमधली पित्ताची गोळी, साहेब," अप्पा कण्हत म्हणाले. "पाकीट टाकून दिलं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गप बस, असं ते बघणं होतं.

मी सांगितलं डॉक्टरांना. अर्काचं नाव, प्रमाण, सगळं. त्यांनी लगेच उपचार बदलले. तिसऱ्या दिवशी अप्पा घरी आले, आणि त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली.

अप्पा आजही पाहुण्यारावळ्यांत कौतुकानं सांगतात, "पोरीनं नोकरीकडं बघितलं न्हाई. लगीच खरं बोलली."

लगेच नव्हते बोलले. डॉक्टर चिठ्ठी लिहून शेजारच्या पेशंटकडे गेले, त्याला तपासून झालं, तोवर मी अप्पांचा हात धरून गप्प उभी होते.